ओ२ ट्रिम (धुरातल्या ऑक्सिजनवरून बर्नरची हवा जुळवणारा कंट्रोल) ऑटोवर टाकला की बर्नरची ज्वाला पिवळी पडते, पण ॲनालायझर ७ टक्के ऑक्सिजन दाखवतो

फोर्जशॉप_चाकण

पुशर टाइप बिलेट रिहीटिंग भट्टी आहे (लोखंडाचे ठोकळे ढकलत नेऊन तापवणारी), इंधन पीएनजी (पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस), सोकिंग झोन (शेवटचा, सारखं तापवणारा भाग) १२०० अंश. पूर्ण फायरिंगला गॅस सुमारे २०० नॉर्मल घनमीटर प्रतितास. हवेचं मोजमाप ब्लोअरनंतर, म्हणजे रिक्युपरेटरच्या (धुराच्या उष्णतेनं हवा तापवणाऱ्या नळ्यांच्या) थंड बाजूला. तिथं २१०० दिसतात. रिक्युपरेटरनंतरच्या डक्टमध्ये ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनिया प्रोब बसवलाय. डायल्यूशन एअरची (धूर गार करायला त्यात मिसळायच्या हवेची) लाइन आहे, पण ती ब्लँक, म्हणजे बंद केलेली आहे.

ट्रिम मॅन्युअलवर असताना प्रोब ७ टक्के दाखवतो. सेट-पॉइंट २.५ देऊन ऑटोवर टाकलं की कंट्रोलर हवा कमी करत खालच्या मर्यादेला जाऊन बसतो. ज्वाला पिवळी, लांब होते, डिस्चार्ज डोअरमधून जाळ बाहेर येतो, तापमान चढत नाही. ऑक्सिजन मात्र ५ च्या खाली येतच नाही. पीआयडीचं (कंट्रोलरच्या गणिताचं) ट्यूनिंग बदलून पाहिलं, फरक शून्य. प्रोब बदलायचा का?

धुराडं_आणि_ड्राफ्ट

प्रोबला हात लावू नका, ट्यूनिंगलाही नाही. कंट्रोलर सांगितलेलं काम इमानेइतबारे करतोय. प्रोबपर्यंत पोचणारा ऑक्सिजन बर्नरमधून आलेला नाही, एवढाच घोळ आहे.

मिथेनला लागणारी हवा गॅसच्या साधारण ९.५ पट. २०० घनमीटरला १९०० लागतात, तुम्ही २१०० देताय, म्हणजे १० टक्के जादा. एवढ्यावर ओल्या फ्लू गॅसमध्ये (वाफेसकट धुरात) ऑक्सिजन १.७ च्या आसपास दिसायला हवा. ७ दिसतोय, म्हणजे बाकीची हवा वाटेत कुठून तरी शिरतेय. पहिला संशय भट्टीच्या दाबावर.

प्रेशर टॅप कुठं आहे ते सांगा. बऱ्याच ठिकाणी तो छतात असतो आणि सेट-पॉइंट शून्य. १२०० अंशाच्या वायूचा स्तंभ हलका असल्यानं दर मीटर उंचीला बाहेरच्या तुलनेत सुमारे ०.९ एमएम वॉटर कॉलम दाब वाढतो. छत हार्थपासून (भट्टीच्या तळापासून) दीड मीटर वर असेल आणि छतात शून्य राखत असाल, तर हार्थला उणे १.३ झाले. उणे १ एमएमला फटीतून हवा साधारण अडीच मीटर प्रतिसेकंदानं आत येते. डोअर, चार्जिंग बाजू, पुशरच्या फटी मिळून ०.१ चौरस मीटर उघडं असेल, तरी तासाला ९०० घनमीटर! तेवढ्यानंच १.७ चे जवळपास ७ होतात. बर्नरचा काही संबंधच नाही.

तपासायला सोपं आहे. लांब सळईच्या टोकाला जळकी चिंधी बांधा आणि डिस्चार्ज डोअरच्या उंबऱ्यापाशी धरा. धूर आत ओढला जात असेल तर दाब उणे. उंबऱ्यावर ज्वालेची जीभ जेमतेम बाहेर डोकावली पाहिजे. पोर्टेबल ॲनालायझर असेल तर रिक्युपरेटरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे रीडिंग घ्या आणि इथं टाका.

बर्नरमिस्त्री

सरळ रेशो (गॅसमागे हवेचं प्रमाण) उतरवा की. ऑक्सिजन १ टक्क्यावर आणला की स्केलही (लोखंडावर चढणारी ऑक्साइडची पापडी) कमी होतं.

धुराडं_आणि_ड्राफ्ट

@बर्नरमिस्त्री, स्केल कमी होतं हे खरं, पण घुसखोरीची हवा तशीच ठेवून रेशो उतरवला तर बर्नरपाशी हवा अपुरी पडते. न जळलेला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) पुढं जातो, फटीतल्या हवेशी त्याची गाठ रिक्युपरेटरच्या तोंडाशी पडते आणि तो तिथं पेटतो. गरम टोकाच्या नळ्या अशाच जळतात.

फोर्जशॉप_चाकण

ट्रिम बंद ठेवून, पूर्ण फायरिंगला घेतलेली रीडिंग:
रिक्युपरेटरच्या आधी: ऑक्सिजन ६.१
रिक्युपरेटरच्या नंतर: ऑक्सिजन ८.०
दोन्ही ठिकाणी सीओ बराच.
प्रेशर टॅप छतातच आहे, हार्थपासून १.४ मीटर वर, सेट-पॉइंट शून्य. चिंधीचा धूर सरळ आत गेला.
पण पोर्टेबल ८.० दाखवतो तिथंच प्रोब ७.०. यातलं खरं कोणतं?

इन्स्ट्रुमेंटवाला_नाशिक

दोन्ही खरी. पोर्टेबल वायू गार करतो, पाणी काढून टाकतो, मग मोजतो; ते कोरडं रीडिंग. झिर्कोनिया डक्टमधल्या वाफेसकट मोजतो. तुमच्या इथं ओलं ७ म्हणजे कोरडं ८ हे गणित बरोबर बसतं. सेट-पॉइंट लिहिताना कोणत्या आधारावरचा आहे ते पॅनेलवर लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक शिफ्टला हाच वाद होईल. ओलं २.५ म्हणजे कोरडं ३.

खरी मेख ६.१ आणि ८.० मधल्या फरकात आहे. मधे डायल्यूशन नाही, म्हणजे हवा रिक्युपरेटरमध्येच फ्लू बाजूला गळतेय. ढोबळ हिशेबानं तासाला ३५० घनमीटर. ब्लोअरपाशी मोजलेल्या २१०० पैकी बर्नरला १७५० च पोचतात, आणि गरज आहे १९०० ची. मॅन्युअलवरसुद्धा तुमचे बर्नर ८ टक्के हवेनं उपाशी आहेत; ट्रिमनं आणखी कापल्यावर ज्वाला पिवळी पडणारच. सीओही त्यामुळंच.

भट्टी थंड असताना बर्नरचे एअर व्हॉल्व्ह बंद करून ब्लोअर चालू करा आणि फ्लू बाजूनं ट्यूब-शीटचे (नळ्यांची टोकं बसवलेल्या पत्र्याचे) वेल्ड साबणाच्या पाण्यानं तपासा. बहुतेक वेळा गळती गरम टोकाच्या पहिल्या एक-दोन रांगांत सापडते. दोन-चार नळ्या गेल्या असतील तर दोन्ही टोकांना एसएसच्या चकत्या वेल्ड करून तात्पुरतं भागतं. त्याहून जास्त असतील तर बंडलच बदला.

धुराडं_आणि_ड्राफ्ट

बरोबर. आधी नळ्या, मग दाब. छताच्या टॅपवर सेट-पॉइंट १.५ ते १.८ एमएम करा, म्हणजे हार्थला शून्याच्या किंचित वर राहील. प्रोबही रिक्युपरेटरच्या आधी हलवलेला बरा, म्हणजे पुढं नळी फुटली तरी कंट्रोल फसणार नाही. पण नेहमीचा धातूच्या नळीचा प्रोब साधारण ७०० अंशापर्यंतच टिकतो. त्या जागी अल्युमिना शीथचा (आवरणाचा), हीटर नसलेला प्रोब लागेल. तो भट्टीच्याच उष्णतेवर चालतो. गरम डक्टमध्ये घालताना इंचाइंचानं, सावकाश सरकवा. एकदम घुसवला तर शीथ तडकतो.

पीएलसी_आणि_पाना

दुरुस्तीनंतर लूप लावताना मूळ गॅस-हवा कंट्रोल आधी क्रॉस-लिमिटिंगमध्ये घ्या: फायरिंग वाढताना हवा पुढं, कमी होताना गॅस आधी उतरतो. ओ२ ट्रिम फक्त रेशोला गुणणारा असावा आणि त्याचा अधिकार सुरुवातीला ±५ टक्के; भरवसा बसल्यावर ±१०. ट्रिम सतत मर्यादेला टेकत असेल तर अलार्म द्या. तुमच्याकडे तो अलार्म असता तर गळती केव्हाच कळली असती.

ट्यूनिंगसाठी ट्रिम मॅन्युअलवर ठेवून रेशो एकदम ३ टक्के वाढवा आणि ऑक्सिजनचा ट्रेंड बघा. हलायला लागायच्या आधीचा वेळ म्हणजे डेड टाइम. अशा भट्टीत १० ते ३० सेकंद सहज असतो. लूपची गती डेड टाइमच्या तिप्पट संथ ठेवा. पीआयडीतला डेरिव्हेटिव्ह शून्य.

डोअरच्या लिमिट स्विचवर ट्रिम गोठवा. दार बंद झाल्यावर डेड टाइम आणि वर थोडा वेळ जाऊ द्या, मगच सोडा. फायरिंग ३० टक्क्यांच्या खाली, प्रोब फॉल्ट, कॅलिब्रेशन चालू, या तिन्ही वेळी ट्रिम गोठलेलाच हवा. सेट-पॉइंटही एकच आकडा नको: पूर्ण फायरिंगला २ ते २.५, कमी फायरिंगला ४ ते ५, कारण मंद ज्वालेत मिसळण नीट होत नाही.

आणि एक प्रोब सगळ्या झोनची सरासरी दाखवतो. एक बर्नर हवेनं तुडुंब आणि शेजारचा उपाशी असला तरी ऑक्सिजन छान २.५ दिसेल. म्हणून आधी एकेक बर्नर हातानं सारखा लावून घ्या.

फोर्जशॉप_चाकण

शटडाऊन रविवारी घेतोय. पूर्ण फायरिंगचा नेमका सेट-पॉइंट कसा ठरवायचा? आणि एवढ्या खटाटोपात गॅस किती वाचेल?

इन्स्ट्रुमेंटवाला_नाशिक

सेट-पॉइंट सीओवरून ठरवा. स्थिर फायरिंग, दारं बंद. रेशो एकेक टक्क्यानं उतरवा, ऑक्सिजन स्थिरावला की सीओ लिहा. बराच वेळ तो जागचा हलत नाही आणि मग एकदम उसळतो. २०० पीपीएम जिथं ओलांडतो, त्या ऑक्सिजनच्या अर्धा ते पाऊण टक्का वर सेट-पॉइंट द्या. मोजमाप रिक्युपरेटरच्या आधीच घ्या.

रिक्युपरेटरनंतर धूर ६०० अंशाला जातो असं धरलं, तर ऑक्सिजन ओलं ७ वरून २.५ ला आणल्यावर गॅसची सुमारे ८ टक्के उष्णता वाचते. तुमचं धुराचं तापमान कमी असेल तर तेवढी कमी.

कॅलिब्रेशन झाल्यावर प्रोबच्या कॅल-गॅस पोर्टची (कॅलिब्रेशनचा गॅस सोडायच्या तोंडाची) टोपी घट्ट आहे ना, ते हात लावून बघा. डक्टमध्ये ड्राफ्ट उणे असतो; टोपी सैल राहिली तर बाहेरची हवा थेट सेलवर ओढली जाते आणि पुन्हा रीडिंग वर. हीटर असलेल्या प्रोबचा सेल ७०० अंशावर असतो, त्यामुळं पर्ज (पेटवण्याआधी हवेनं भट्टी धुऊन काढणं) पूर्ण होईपर्यंत आणि फ्लेम-फेल झाल्यावर (ज्वाला विझल्यावर) त्याचा हीटर बंद राहील असा इंटरलॉक आहे का, तेही रविवारीच तपासून घ्या. डक्टमध्ये न जळलेला गॅस साचला असेल तर ठिणगीचं काम तोच सेल करतो.