मागच्या लॉनवर टर्फ टाकायचं का? (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मागच्या लॉनचं कोटेशन आलंय. जागा ४,००० चौरस फूट, टर्फ म्हणजे आर्टिफिशियल ग्रास, पाती ४० मिमी, फिटिंगसकट चौरस फुटाला ७० रुपये. रविवारच्या मीटिंगआधी मतं इथेच मांडा. कृपया विषयाला धरून.

ए-७०४ खजिनदार: म्हणजे २ लाख ८० हजार. जीएसटी वेगळा ना?

सेक्रेटरी: हो, वेगळा.

सी-६०४: होऊनच जाऊ दे. पोरं दर शनिवारी बाहेर टर्फ बुक करतात, तासाचे हजार-बाराशे मोजून.

डी-२०३ वहिनी: गेटसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची? शाळेची बस अडलीये.

सेक्रेटरी: वहिनी, विषयाला धरून 🙏

डी-२०३ वहिनी: बस विषयाला धरून थांबत नाही हो.

ए-७०४ खजिनदार: पाण्याचा हिशेब टाकतो. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. आपलं लॉन ३७० चौरस मीटर, म्हणजे रोज १,८५० लिटर. १० हजार लिटरचा टँकर पाच-साडेपाच दिवसांत गवताच्या घशात. मे महिन्यात आपण नळाला एकच वेळ पाणी सोडतो आणि इकडे हे. वर माळी, खत, कटिंग. एवढं करून गोलपोस्टसमोर मातीच दिसते.

बी-१०२ नाना: खजिनदारांचा हिशेब बरोबर आहे. पण टर्फ म्हणजे काय ते जरा समजून घ्या, मग पैसे मोजा. मी कंपनीच्या टीममधून हॉकी खेळलोय, मुरमावरही आणि टर्फवरही.

सी-६०४: नाना सुरू 😀 सांगा सांगा.

बी-१०२ नाना: हे प्रकरण अमेरिकेतलं. ह्यूस्टनला १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छप्परवालं बेसबॉल स्टेडियम उघडलं. आत खरंखुरं गवत, वर पारदर्शक पत्रे. दिवसा त्या पत्र्यांतून एवढी तिरीप यायची की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. म्हणून पत्र्यांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला, पण गवत मेलं. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग मारून काढला! १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत आणून अंथरलं. त्याआधी १९६४ मध्ये ते एका शाळेत घातलेलं होतं. नाव होतं केमग्रास, या स्टेडियममुळे अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं.

डी-२०३ वहिनी: मातीला हिरवा रंग?? आपल्या बिल्डरने ब्रोशरमध्ये हेच केलं होतं.

बी-१०२ नाना: 😄 भारताला त्याचा खरा फटका बसला तो हॉकीत. १९७५ ला क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकलो, गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम मैदानावर झाली. ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६-१ ने धुतलं, आपण सातवे. सुवर्ण न्यूझीलंडने नेलं. गवतावर चेंडू थांबतो, वळतो, तिथे मनगटाची कमाल चालते. टर्फवर तो सरळ सुसाट जातो, मग दम आणि ताकद लागते. परदेशात टर्फ पटापट झाले. आपली पोरं मुरमावर शिकायची आणि मोठ्या स्पर्धेला थेट टर्फवर उतरायची.

ए-७०४ खजिनदार: पण नाना, १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं की. तेही टर्फवरच.

बी-१०२ नाना: मिळालं, नाकारत नाही. अमेरिकेसह बऱ्याच देशांच्या बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ आलेच नव्हते हेही लिहा. त्यानंतरचं हॉकीतलं ऑलिंपिक पदक थेट टोकियोला, २०२१ मध्ये. आणि पाणी वाचतं म्हणता ना, हॉकीच्या टर्फवर सामन्याआधी मुद्दाम पाणी मारतात, चेंडू सुळकन जावा म्हणून. ते गवत वेगळं, आपल्याला मिळणार ते वेगळं.

सी-३०५ ताई: नानांना अनुमोदन. साइटवर अशी दोन-तीन कामं करून घेतली आहेत म्हणून लिहिते. पहिलं गवत नायलॉनचं, आखूड आणि खरखरीत होतं. मग लांब पात्यांत वाळू भरलेलं आलं. हल्ली फुटबॉलला जे असतं ते पॉलिइथिलिनचं, मऊ, ४० ते ६० मिमी पात्यांचं, आत खाली वाळू आणि वर रबराचे काळे दाणे. वाळूच्या वजनाने गालिचा जागेवर बसतो, पाती उभी राहतात. आपल्या जागेला चौरस मीटरला १५ किलो धरली तरी साडेपाच टन वाळू लागेल. कोटेशनमध्ये वाळूचा शब्दही नाही.

सेक्रेटरी: 😳 विचारतो त्यांना.

सी-३०५ ताई: आणखी ऐका. कोटेशन आहे फक्त वरच्या गालिच्याचं. खरा खर्च खाली आहे. माती काढायची, खडीचा थर घालून रोलर फिरवायचा, एका बाजूला उतार द्यायचा, कडेला पाण्याची चर काढायची. आपल्या त्या कोपऱ्यात जुलैत काय तळं साचतं ते सगळ्यांनी बघितलंय. त्याच्यावरच गालिचा चिकटवला तर पहिल्याच पावसात सांधे सुटतील आणि सावलीच्या बाजूला शेवाळ धरेल. गवत स्वस्तातलं घेतलं तरी एक वेळ चालेल, बेस नाही.

ए-७०४ खजिनदार: म्हणजे आकडा दुप्पट?

सी-३०५ ताई: जवळपास. पण एकदा नीट केलेला बेस गालिचा बदलताना पुन्हा वापरता येतो. गालिचा सहा-आठ वर्षांत बदलावाच लागतो.

बी-५०१ (अकरावी): मी बोलू का? मी ॲकॅडमीत टर्फवर फुटबॉल खेळते. पावसाळ्यात प्रॅक्टिस बुडत नाही, बॉल एकसारखा येतो, हे सगळं भारी आहे. पण स्लाइड मारली की गुडघे सोलतात, नंतर आंघोळीला बसवत नाही. २०१५ चा महिलांचा वर्ल्ड कप कॅनडात सगळाच्या सगळा आर्टिफिशियलवर झाला, तेव्हा मोठमोठ्या प्लेअर्सनी तक्रार केली होती. पुरुषांचा वर्ल्ड कप असा कधीच झालेला नाही.

डी-२०३ वहिनी: अगं, मग आमच्या दोन वर्षांच्या पिल्लाचं काय? तो अनवाणीच पळतो.

सी-३०५ ताई: वहिनी, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गवत स्वतःतलं पाणी सोडून थंड राहतं, प्लास्टिक तसं करू शकत नाही. भर उन्हात पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज जातो. पाणी मारलं तर तेवढ्यापुरता उतरतो. एप्रिलमध्ये दुपारी बारा ते पाच तिथे कोणाला पाय टेकवणार नाही. संध्याकाळी हरकत नाही.

सी-६०४: पोरं तरी दुपारी कुठे खेळतात? सगळी मोबाइलवर.

डी-२०३ वहिनी: आणि ते काळे दाणे? भाचीच्या बुटातून निघतात, अख्ख्या हॉलभर.

सी-३०५ ताई: ते बहुतेक जुन्या टायरचे. युरोपियन युनियनने असे दाणे २०३१ नंतर विकायचे नाहीत असं ठरवलंय, मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण पसरतात म्हणून. आपल्या पोरांना बहुतेक क्रिकेटच खेळायचं असतं, नुसत्या वाळूवर भागेल. रबर टाळाच.

बी-१०२ नाना: माझं मत सरळ आहे. खेळायची पट्टी टर्फची करा, समोरची बाग हिरवी राहू द्या. समोर संध्याकाळी आम्ही म्हातारे बसतो, तिथे प्लास्टिक नको. आणि झाडाखाली तर मुळीच नाही. त्याखाली मातीत गांडूळ राहत नाही, मुळांची परवड होते.

ए-७०४ खजिनदार: मान्य. मागचंही सगळं नको, निम्मंच करू. २,००० फुटांत बॉक्स क्रिकेट, म्हणजे जाळीतलं छोटं क्रिकेट, आरामात होतं. उरलेल्या भागात पाणी कमी लागणारी झाडं लावू. टँकरही निम्मा होईल आणि बेसलाही पैसे उरतील.

सी-६०४: २,००० फुटांत सिक्स कुठे मारायचा?

ए-७०४ खजिनदार: सिक्स मारला की आउट. आमच्या वाड्यात हाच नियम होता.

डी-२०३ वहिनी: जुना गालिचा काढल्यावर कुठे टाकणार हेही विचारा. भंगारवाला वाळूने भरलेलं प्लास्टिक उचलत नाही.

सेक्रेटरी: चांगला मुद्दा. रविवारी ११ वाजता, क्लब हाउस. नव्या कोटेशनमध्ये बेस, उतार, वाळू, पात्यांना उन्हापासून संरक्षण असल्याचं लेखी, किमान पाच वर्षांची वॉरंटी आणि जुना गालिचा परत नेण्याची अट मागवतो. दोघातिघांकडून घेऊ. ताई, बोलावलं तर साइट दाखवायला याल ना?

सी-३०५ ताई: येते. फक्त पाऊस पडून गेल्यावर बोलवा, पाणी कुठे साचतं ते त्यांना दिसू दे.

बी-१०२ नाना: आणि रात्री दहानंतर लाइट बंद, हे ठरावात लिहा. माझी बेडरूम त्याच बाजूला आहे.