मदत हवी आहे: अकरावीच्या समाजशास्त्राच्या तासाला गटचर्चा कशी घ्यावी?

फळापुसणी:

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते आहे, आज लिहायची वेळ आली.

मध्य मुंबईतल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी आर्ट्सला समाजशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, दुसरंच वर्ष. पटावर ७२ मुलं, हजर चाळीसेक, रेड अलर्टच्या दिवशी पंधरा. ऑनलाइन प्रवेशामुळे मुलं लांबलांबून येतात, ७.१० च्या पहिल्या तासाला बदलापूरहून आलेली मुलगी जागी राहते हेच खूप. पहिल्या दिवशी विचारलं, हा विषय का घेतला? एकाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "मॅडम, यात गणित नाही ना."

गेल्या वर्षी मी नोट्स उतरवून दिल्या आणि पोर्शन संपवला. व्याख्या पाठ, वैशिष्ट्ये पाठ. दहा बाय बाराच्या खोलीत आजी, काका-काकू धरून आठ माणसांत राहणारी मुलगी पेपरात "शहरात विभक्त कुटुंबपद्धती आढळते" असं सुवाच्य अक्षरात लिहून आली आणि मी तिला पूर्ण गुण दिले. ते गुण मला अजून टोचतात.

म्हणून यंदा ठरवलं, मुलांना बोलतं करायचं. सुरुवात झकास झाली. प्रमाणके, म्हणजे समाजात वागण्याचे नियम, शिकवताना लोकलच्या चौथ्या सीटचा विषय टाकला. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यायचं हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही, तरी कोणी सरकलं नाही तर आजूबाजूचे चार जण त्याच्याकडे बघतात. मग नियम केला कोणी? मोडला तर शिक्षा काय, ती देतं कोण? फर्स्ट क्लासमध्ये हाच नियम ढिला का पडतो? "कुठे उतरणार?" विचारून जागा धरून ठेवणं लेडीज डब्यात इतकं पक्कं का? वर्ग असा पेटला की पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले. एरवी तोंड न उघडणारी नालासोपाऱ्याची मुलगी पाच मिनिटं बोलली: विरारहून निघालेल्या गाडीत नालासोपाऱ्याच्या बाईने चढायचं म्हणजे काय असतं!

त्या तासाने मला फाजील आत्मविश्वास दिला बहुतेक. ऑगस्टमध्ये सामाजिक स्तरीकरण, म्हणजे समाजातली उच्च-नीच उतरंड, आलं. मी फळ्यावर लिहिलं, "आजच्या मुंबईत जात उरली आहे का?" आणि सहा-सहांचे गट केले. पाच मिनिटांत नेहमीचे चार बोलके सगळ्या वर्गाच्या वतीने बोलू लागले. एक म्हणाला, मुंबईत कोण बघतं जात. दुसऱ्याने गाडी थेट आरक्षणावर नेली. आवाज चढले. मग एका मुलाने तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे हात करून म्हटलं, "हिला विचारा ना, हिला माहीत असेल."

आणि मी, शिक्षिका, तिच्याकडे वळून म्हणाले, "हो, सांग ना तुझा अनुभव."

ती उभी राहिली. "काही नाही मॅडम," म्हणाली आणि बसली. नंतर चार दिवस आली नाही. आता येते, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते.

सुपरवायझरना सांगितलं तर म्हणाले, असले विषय कशाला काढता, पुस्तकातलं वाचून दाखवा. पण विषय पुस्तकातलाच आहे की! जात, लिंगभाव, धर्म, कुटुंब हे सगळं वगळलं तर समाजशास्त्रात उरतं काय? चौथी सीट?

तर मदत हवी आहे. हे विषय मुलांच्या जगण्यातून शिकवायचे, पण कुणा एकाला नमुना म्हणून उभं करायचं नाही, हे कसं जमवायचं? त्या मुलीशी आता कसं वागू? आणि चार बोलघेवड्यांच्या तावडीतून वर्ग सोडवायचा कसा? (बाक जमिनीला ठोकलेले आहेत, गोल करून बसवता येत नाही, हेही लक्षात घ्या.)

पोर्शन पूर्ण:

मॅडम, भावना पोहोचल्या. पण ८० गुणांचा पेपर मुलांनी लिहायचा असतो, चर्चा नाही. २० गुणांच्या प्रकल्पात काय हवी ती हौस भागवा. माझ्या १८ वर्षांच्या नोकरीत मी बघितलंय, चर्चा हुशार मुलांना आवडते आणि नापास होणारी मुलं नापासच होतात. उत्तराचा सांगाडा द्या आधी.

खडूची धूळ:

वरच्या सरांचा सांगाड्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण सांगाड्यावर मांस चढवायला कोणीतरी हवंच की.

फळापुसणीबाई, मी ३१ वर्षं हेच शिकवून निवृत्त झाले. तुमची चूक मुलीकडे वळण्याच्या आधीच झाली होती. प्रश्न चुकला. "जात उरली आहे का?" हा मत मागणारा प्रश्न आहे. सोळा वर्षांच्या पोराकडे यावर स्वतःचं मत नसतं, रात्री जेवताना बाबा जे बोलतात ते असतं. म्हणजे तुम्ही वर्गात चाळीस घरांतल्या बाबांची भांडणं लावून दिलीत. चौथ्या सीटचा तास का जमला? तिथे तुम्ही मत विचारलंच नाही. नियम काय, मोडला तर काय होतं, हे विचारलंत. प्रत्येकाने ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

जातीच्या बाबतीत असं डोळ्यांपुढे काय ठेवता येईल? मी लग्नपत्रिका ठेवायची. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. मुलांना हे वय आवर्जून सांगा. त्यात त्यांनी दाखवलं की जातीचा कणा म्हणजे अंतर्विवाह, म्हणजे लग्न जातीतच करण्याचा नियम. हे कळलं की प्रश्न "तुझी जात कोणती" असा राहत नाही, "लग्न कोण कोणाशी करतं आणि ते ठरवतं कोण" असा होतो. पत्रिका हातात दिली की मुलं कामाला लागतात. निमंत्रक कोण? आईचं नाव कितव्या ओळीत? सौ. आणि श्रीमतीमध्ये फरक का केलाय? मुलीची पदवी छापलीय, नोकरी का नाही? मामाकडच्यांना वेगळा रकाना का? कुटुंब, नातेसंबंध, लिंगभाव, स्तरीकरण, चार प्रकरणं एका कागदात.

हेच बाबासाहेब परदेशातून परतल्यावर परळच्या बीआयटी चाळीत राहायला होते. तुमचं कॉलेज त्या बाजूला असेल तर मुलांना चालत नेऊन आणा. आणि जाताजाता सांगा की आपल्या देशात समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठ विभाग याच शहरात, १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला, आणि पुढे तो ज्यांनी वाढवला ते घुर्ये मालवणचे. मालवणी मुलांचे चेहरे बघा मग.

बोलघेवड्यांवर उपाय: जिगसॉ. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली ही पद्धत काढली. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गाची रणभूमी झाली होती. युक्ती साधी: धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. मग गप्प मुलाचं ऐकल्याशिवाय कोणाचंच चित्र पुरं होत नाही.

मी ती गिरणी संपाला वापरायचे. चार चिठ्ठ्या. पहिलीत १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, मागण्या. दुसरीत १९४६ चा कायदा, ज्यामुळे वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. तिसरीत गावी परतलेली कुटुंबं आणि खोलीत राहिलेल्या बायकांनी धरलेली कामं. चौथीत गिरण्यांची जमीन: १९९१ च्या नियमात पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे, २००१ च्या दुरुस्तीने ते वाटे फक्त मोकळ्या जमिनीपुरते उरले. मग एकच प्रश्न: खिडकीतून दिसणारा टॉवर तिथे कसा आला? एकाही चिठ्ठीत पूर्ण उत्तर नाही. बाक ठोकलेले असले तरी चालतं, एकाआड एक बाकावरच्यांनी मागे वळून बसायचं.

शेवटचं. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात आणि नवीन मुलं बोलू लागतात. मी मनात "पंढरीनाथ महाराज की जय" म्हणायची, बरोबर तेवढा वेळ जातो.

मागचा बाक:

ती मुलगी मी होते. दुसरं कॉलेज, दुसरं साल, पण तीच.

ताई, वर्गासमोर तिची माफी मागू नका. म्हणजे सगळे परत वळून तिच्याकडे बघणार. बाहेर, जिन्यात, एकटी असताना दोन वाक्यं बोला: मी तुला तसं उभं करायला नको होतं, माझं चुकलं. उत्तराची वाट न बघता निघा. ती चार दिवस त्याचमुळे आली नाही असंही गृहीत धरू नका, घरी पाणी भरलं असेल, आई आजारी असेल. आणि तिला मुद्दाम पुढे बसवू नका. शेवटचा बाक तिने निवडलाय, राहू दे.

पण त्या मुलाच्या वाक्याबद्दल वर्गात बोलायलाच हवं, तिचं नाव न घेता. आणि तुम्ही स्वतःपासून सुरुवात करा.

अजून एक. अनुभव सांग, असं नेहमी आम्हालाच का म्हणतात? ज्यांच्या घरात जातीचा त्रास झाला नाही त्यांच्या घरातही जात असतेच ना? फ्लॅट सहज मिळाला, आडनाव ऐकून पुढचा प्रश्न आला नाही, हासुद्धा अनुभवच आहे. तो कुणी विचारत नाही.

चौथी सीट:

मागचा बाक, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

खडूची धूळ यांची पत्रिकेची कल्पना फार आवडली, पण एक धोका. मुलांना घरून पत्रिका आणायला सांगू नका. पत्रिकेवर वर गणपती आहे, बुद्ध आणि बाबासाहेब आहेत की ७८६, हे लांबूनही दिसतं. शिवाय कोणाकडे चंदेरी डबीतली जाडजूड पत्रिका, कोणाकडे मोबाइलवरचा फोटो. म्हणजे अख्ख्या वर्गाला तिसऱ्या बाकावर उभं केल्यासारखंच. बाईंनी स्वतःच्या नात्यातल्या आणाव्यात.

अवांतर: माझ्या आयडीला इतका शैक्षणिक मान पहिल्यांदाच मिळतोय.

खडूची धूळ:

बरोबर पकडलंत. मी शिकवायची तेव्हा मुलं आपणहून आणायची आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता आठवतं, काही जण "विसरलो" म्हणायचे. दर वर्षी तेच तेच. तेव्हा मी त्यांना ओरडायची.

फळापुसणी:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, मध्ये गणपतीची सुट्टी होती.

जिन्यात बोलले. "ठीक आहे मॅडम," म्हणाली आणि खाली उतरून गेली. बाकी काही नाही.

वर्गात सांगितलं की कुणाकडे बोट दाखवून "हिला विचारा" म्हणायचं नाही, हा नियम आधी मी मोडला. ज्याने ते म्हटलं होतं तो मुलगा तास संपेपर्यंत वहीत डोकं घालून होता. पुढे त्याच्याशीही बोलायला हवं, तो दुष्ट नाही.

पत्रिका माझ्याच नेल्या: आईबाबांची १९८९ ची, माझी, आणि चुलतभावाची गेल्या वर्षीची. तिन्हींच्या झेरॉक्स काढल्या, आडनावांवर कागद चिकटवून. आईच्या पत्रिकेत आईच्या आईचं नावच नाही, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. एका गटाने दाखवलं. मग कोणीतरी विचारलं, "मॅडम, तिन्ही लग्नं तुमच्या जातीतलीच का?" मी मनात पंढरीनाथ महाराज केलं. नंतर म्हटलं, हो, तिन्ही. आणि माझ्या वेळी ते कसं ठरलं ते सांगितलं: स्थळांची वही, त्यातला पहिलाच रकाना. कान लाल झाले होते माझे. पण त्या दिवशी आरक्षणावर कोणी गेलं नाही, सगळे त्या रकान्यावरच थांबले.

गिरणीच्या चिठ्ठ्या पुरत्या फसल्या. दोन जण चिठ्ठी हरवून बसले, एका गटाने चारही चिठ्ठ्या बोलघेवड्याकडेच दिल्या आणि तो मोठ्याने वाचत बसला. पुढच्या वेळी वाचून झाल्यावर चिठ्ठ्या काढून घेईन, आठवून सांगू देत. तरी एकाचे आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते हे त्या गोंधळातच कळलं.

आता नवा पेच. इंटरनलला चर्चेचे थोडे गुण धरायचे म्हणते. पण जी बोलतच नाही तिला शून्य द्यायचं का?

मागचा बाक:

तास संपताना प्रत्येकाकडून अर्धा कागद घ्या: आज दुसऱ्या कोणाचं कोणतं वाक्य डोक्यात राहिलं आणि का. गुण त्या कागदाला. मी बोलत नव्हते, पण प्रत्येकाचं वाक्य मला पाठ असायचं.

पोर्शन पूर्ण:

अर्धे कागद तपासायला ७२ आहेत हे लक्षात असू द्या. आणि मॅडम, त्या पत्रिकांच्या झेरॉक्स जमल्या तर इथे टाका. नावं झाकूनच.