मदत हवी आहे: घरी लॅमिनेटेड धनुष्य करतोय, फायबरग्लासची पट्टी लाकडाला धरत नाही

पाचगावकर

नमस्कार मंडळी. घरच्या घरी धनुष्य बनवायला घेतलंय. मध्ये लाकडाचे पातळ थर आणि पोटाला (ओढणाऱ्याकडची बाजू) आणि पाठीला (लक्ष्याकडची बाजू) फायबरग्लासची एकेक पट्टी, असा लाँगबो, म्हणजे लांब साधं धनुष्य. लांबी ६६ इंच, २८ इंच ओढल्यावर ३५ पौंडांच्या आसपास ताण हवा. शिकारबिकार काही नाही, थर्माकोलच्या ठोकळ्यावर नेम धरायचा. 'विकतच आण की' म्हणणारे घरात भरपूर आहेत, तेव्हा तो सल्ला इथे नको.

साचा तयार आहे: १८ मिमी प्लायचे तीन तुकडे एकमेकांना चिकटवले आणि वरची कड कानशीने काटकोनात आणली. दाबासाठी ट्रकच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्यात. लाकूड म्हणजे जुन्या चौकटीचं सागवान, टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत मिळालं. रेषा सरळ, गाठ नाही. मधल्या दोन थरांसाठी त्याच्या ३ मिमीच्या पट्ट्या काढल्या. मूठ शिसवीची.

घोडं अडलंय काचेपाशी, म्हणजे फायबरग्लासपाशी. बाहेरच्या देशांत धनुष्यासाठीच केलेली तयार पट्टी मिळते, सगळे धागे लांबीच्या दिशेने, जाडी साधारण १ मिमी. पण सहा फुटी पट्टी मागवायची म्हणजे मालापेक्षा हमालीच भारी. म्हणून एमआयडीसीत फायबरचं काम करणारे एक ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून करून घेतली. ते नेहमीची मॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई) वापरतो म्हणत होते. मी ६०० जीएसएमचं (चौरस मीटरला ६०० ग्रॅम) यूडी कापड, म्हणजे सगळे धागे एकाच दिशेने असलेलं, नेऊन दिलं. दोन थर, एपॉक्सीत भिजवून, जाड काचेच्या तावदानावर अंथरून काढले. पट्टी एका बाजूने चकचकीत, दुसरीकडे जराशी खरबरीत.

सगळं धनुष्य चिकटवण्याआधी वीतभर नमुना केला. मध्ये सागवान, दोन्ही अंगांना काच, साधं अ‍ॅरल्डाइट (तेही एपॉक्सीच), सी-क्लॅम्प आवळून दोन दिवस ठेवला. मग छिन्नी घालून उचकटलं. वरची पट्टी टक्क करून निघाली. तिची सुटलेली बाजू अगदी कोरी, लाकडाचं एक कुसळसुद्धा सोबत आलं नाही, गोंद सगळा सागवानावर राहिला. खालची पट्टी मात्र अशी धरून बसलीय की छिन्नीने लाकूड फाटलं, जोड सुटला नाही.

सागवानाच्या तेलाचा हा प्रताप आहे का? लाकूड बदलू? आणि कोल्हापूरच्या जुलैत हे काम करावं का दिवाळीपर्यंत थांबावं?

शिवाजीपेठ

सागवानच. तेलकट लाकूड आहे ते. तोडलेल्या दाराची चौकट म्हणजे त्यावर वर्षानुवर्षं तेलपाणी झालेलं असणार. अ‍ॅसिटोनने पुसून पंधरा मिनिटांत चिकटव, तेल परत वर यायच्या आत.

उद्यमनगरी

अ‍ॅसिटोनचं बरोबर आहे, सागवानाला ते करावंच. पण दोष सागवानाचा असता तर गोंद लाकडावरून सुटला असता. इथे गोंद लाकडाला चिकटून राहिला आणि काचेवरून सुटला. लाकूड तेच, गोंद तोच, मग एकच बाजू का सुटावी?

पाचगावकर, एक सांगा. जी पट्टी निघाली तिची कुठली बाजू तुम्ही लाकडाकडे केली होती, चकचकीत का खरबरीत? आणि तावदानावर कापड अंथरण्याआधी त्यांनी मेण मारलं होतं का?

पाचगावकर

आत्ता पट्टी हातात घेऊन बघितली. निघालेली चकचकीत बाजूने लावली होती, धरलेली खरबरीत बाजूने. रंग आत-बाहेर सारखा दिसावा म्हणून दोन्ही पट्ट्यांचं तोंड एकाच दिशेला केलं होतं. मेणाचं फोनवर विचारलं. 'मारावंच लागतं, नाहीतर माल तावदानाला धरून बसेल' म्हणाले.

उद्यमनगरी

मग झालं. सागवानाला सोडून द्या.

साच्यातून माल सुटावा म्हणून जे मेण लावतात ते मालाच्या त्या बाजूला थोडंफार लागून येतंच. त्यांच्या धंद्यात बिघडत नाही, टाकीला नाहीतर बसच्या पत्र्याला ती बाजू बाहेरच राहते. तुम्हाला तीच चिकटवायची होती. खात्री करायची असेल तर त्या बाजूवर पाण्याचा हात फिरवा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब मोत्यांसारखे गोळा झाले तर मेण आहे.

आता क्रम नीट पाळा. आधी स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोन, फडकं बदलत बदलत, दोनतीनदा. त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. उलट केलंत, म्हणजे आधी घासलं, तर मेण ओरखड्यांत जाऊन बसेल आणि मग तिथून काढणं मुश्कील. घासताना वरची एपॉक्सी गेली पाहिजे, धागा कापला जाता कामा नये. शेवटी पुन्हा अ‍ॅसिटोन, पुन्हा पाणी टाकून बघणं, आणि पूर्ण वाळल्यावरच गोंद. घासणं ओलंच करा आणि मास्क लावा. काचेची पूड फुप्फुसात गेलेली चांगली नव्हे, आणि अंगाला लागली तर खाजवून रात्र काढाल.

त्याहून सोपं म्हणजे पुढच्या खेपेला दोन्ही पट्ट्यांची खरबरीत बाजू लाकडाकडे करा, चकचकीत बाहेर. रंगाचं नंतर बघू. आणि पट्टी करताना वरून पील प्लाय नावाचं नायलॉनचं कापड अंथरायला सांगा. ते सोलून काढलं की चिकटवायला तयार पृष्ठभाग मिळतो.

सी-क्लॅम्पसुद्धा नको. एपॉक्सीला फेव्हिकॉलसारखा जोर लागत नाही. फार आवळलं की गोंद बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. तुमच्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम, दाब सगळीकडे सारखा पडतो. गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावा.

शिवाजीपेठ

बरोबर आहे राव, लाकडाकडे गोंद राहिला हे मी नीट वाचलंच नव्हतं. पण मला एक कळेना, मॅट का नको? पाण्याच्या टाक्या, शेड, सगळं मॅटचंच असतंय की.

उद्यमनगरी

टाकीला सगळ्या बाजूंनी ताण येतो, धनुष्याला फक्त लांबीने. मॅटमध्ये तुकडे वाटेल तसे पडलेले असतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने तिचा ताठरपणा सागवानापेक्षाही कमी भरतो. म्हणजे लाकडाच्या वर लाकडाहून मऊ थर लावल्यासारखं. यूडीमध्ये तोच ताठरपणा लाकडाच्या तिप्पट-चौपट जातो. वाकताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं, आणि सगळ्यात जास्त भार बाहेरच्या मिलिमीटरवर येतो. जुन्या कमानींत पोटाला शिंग आणि पाठीला जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) धागे सरसात बसवत ते याचसाठी. ६०० जीएसएमचे दोन थर म्हणजे हाताने काम करून साधारण १ मिमी होतात, तो हिशेब पाचगावकरांचा बरोबर आहे.

माणगा_सिंधुदुर्ग

काचेचं निस्तरलं असेल तर लाकडाबद्दल बोलतो. सागवान चालेल, पण आमच्याकडचा माणगा बघा. जवळजवळ भरीव बांबू, भिंत जाड, पट्ट्या छान निघतात. बाहेरची हिरवी साल तासून टाका, तिच्यावर गोंद धरत नाही. पट्ट्या उभ्या कडेने एकमेकींना चिकटवून मग ३ मिमीला रंधल्या की मधला थर तयार. सागवानापेक्षा ताठ बसतो.

पावसाळ्याबद्दल: हवेला घाबरू नका, लाकडातल्या पाण्याला घाबरा. पट्ट्या गरम पेटीत ४० ते ४५ अंशांवर ठेवा आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. काढल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, उघड्यावर ठेवलंत तर दोन रात्रींत पुन्हा पाणी पितं. फक्त संततधार लागलेल्या दिवशी चिकटवू नका. दमट थंड हवेत एपॉक्सीत मिसळायच्या काही हार्डनरांमुळे गोंदावर तेलकट साय धरते.

धनुर्विद्या_सातारा

मुलांना शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष ताणाकडे. तुमचे ३ मिमीचे दोन थर आणि काच मिळून ८ मिमी झाले. सलग एका जाडीचं ठेवलंत तर टोकं वाकणार नाहीत, मुठीपाशीच घडी पडेल. मुठीकडून टोकाकडे दर इंचाला एकूण २ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उतार द्या, ३० इंचांत दीड मिमीच्या आसपास होतो. हे रंध्याने डोळ्याच्या अंदाजावर जमत नाही. उताराची लांब फळी करून तिच्यावर पट्टी चिकटवा आणि थिकनेस प्लेनरमधून पातळ पातळ काढा.

ताण कमी-जास्त करायचा तर जाडीला हात लावू नका. रुंदी १० टक्के कमी केली तर ताणही तेवढाच उतरतो. जाडी १० टक्के कमी केली तर २७ टक्के उतरतो, कारण जाडीचा घन धरावा लागतो. शिवाय जाडी कमी करायची म्हणजे काच घासणं आलं, म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तीच कापायची. पहिल्या धनुष्यात चारपाच पौंड वर ठेवा आणि कडा तासत खाली या.

मुठीचा लाकडी पाचर दोन्ही टोकांना कागदाइतका पातळ झाला पाहिजे. तिथे पायरी राहिली की धनुष्य तिथूनच सुटतं. पहिल्यांदा ओढताना समोर उभे राहू नका. भिंतीला मूठ अडकवा, खाली कप्पी, दोरी हातात, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये बॅगा तोलायचा काटा लावलात तर ३५ पौंड म्हणजे १६ किलोला जरासं कमी. धनुष्याच्या वरच्या अर्ध्या भागाचं दोरीपासूनचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिमी जास्त असू द्या. आणि बाणाशिवाय दोरी कधीच सोडायची नाही, पाहुण्यांची पोरं आली तर धनुष्य उतरवून कपाटात.

उद्यमनगरी

एक राहिलं. गोंद घट्ट झाल्यावर साच्यावर असतानाच गरम करा. प्लायची पेटी, आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल, जुने पिवळे बल्ब आणि अंडी उबवायच्या मशीनला लावतात तसला थर्मोस्टॅट. तापमान किती आणि किती तास ते तुमच्या गोंदाच्या माहितीपत्रकात बघून घ्या, बहुतेकांना ६० ते ७० अंश चालतात. आत थर्माकोल लावू नका, बल्बपाशी वितळतो. गरम न करताही धनुष्य चालतं, पण मे महिन्यात बंद गाडीत राहिलं तर गोंद मऊ पडून थर सरकतात. आणि पाच मिनिटांत सेट होणारं एपॉक्सी घेऊ नका, दुसरी पट्टी बसवेपर्यंत पहिलीवरचं दगड होतं.

पाचगावकर

पाणी टाकून बघितलं. चकचकीत बाजूवर थेंब टपोरे उभे राहिले. अ‍ॅसिटोन आणि ८० नंबर झाल्यावर त्याच जागी पाणी सलग पसरतंय. नवा नमुना ट्यूबने बांधून ठेवलाय, एक बाजू घासलेली चकचकीत, दुसरी खरबरीत. उचकटल्यावर फोटो टाकतो.

सातारकर सर, उताराच्या फळीवर पट्टी दुहेरी टेपने चिकटवली तर चालेल का? ३ मिमीची पट्टी प्लेनरच्या रोलरखाली उचलली जाईल अशी भीती वाटते.

धनुर्विद्या_सातारा

टेप चालेल, पण पूर्ण लांबीभर लावा, फक्त टोकांना नको. आणि पातळ टोक आधी आत घालू नका, जाड टोकाकडून घाला.