हायलँडचे ७४ पैकी २२
मे २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड कौन्सिल या स्थानिक संस्थेत एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी) ७४ पैकी २२ जागा मिळाल्या, बहुमत नाही म्हणून याला ‘पराभव’ म्हणणे मला घाईचे वाटते. २००७ पासून तेथील स्थानिक निवडणुका एकल संक्रमणीय मतपद्धतीने होतात. आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार ज्या पसंतीक्रमाने मतदान करतात, तीच ही पद्धत, फक्त ती तेथे सामान्य मतदाराच्या हाती आहे. तीन जागांच्या प्रभागात ४,००० वैध मते पडली तर कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारी मते, १,००१ चा ठरतो आणि विजयी उमेदवाराची जादा मते, तसेच बाद झालेल्यांची मते, पुढील पसंतीकडे वळतात. अशा रचनेत एकहाती बहुमत दुर्मीळच असते.

मला अधिक बोलका वाटतो तो अपक्षांचा २१ हा आकडा. पक्षचिन्हापेक्षा रस्ता, शाळा आणि फेरीबोट यांसाठी कोण धावून येतो हे पाहणाऱ्या विरळ वस्तीत (येथे अपक्ष म्हणजे बंडखोर नव्हे) ही जुनी परंपरा आहे. स्कॉटलंडच्याच ऑर्कनी बेटांच्या कौन्सिलमध्ये तर २१ पैकी १९ सदस्य अपक्षच निवडून आले. हायलँडमध्येही एसएनपीने अखेर अपक्षांच्या गटाशीच हातमिळवणी करून सत्ता स्थापन केली.