पृथ्वीचं वय सहा हजार आणि बदनामी मात्र सगळ्या ख्रिश्चनांची

तिरपी_रेघ:
काल इथे एकाने लिहिलं, "ज्यांना पृथ्वी सहा हजार वर्षांची वाटते आणि माणसं डायनासोरच्या शेजारी राहत होती असं वाटतं, त्यांच्या धर्माला शिकलेल्या माणसाने सीरियसली का घ्यावं?" खाली लाइक्सचा पाऊस. मी कॅथलिक आहे, बायोलॉजी शिकवते, उत्क्रांतीचा धडा तर सगळ्यात आवडीने शिकवते, त्यामुळे हे डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा काढला, लांबलाय, कंटाळा आला तर पुढे जा.

बाबांनो, तो सहा हजारांचा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही. जेम्स अशर नावाच्या आयर्लंडच्या आर्चबिशपने वंशावळी आणि राजांचे कालखंड जुळवून 1650 साली हिशोब छापला आणि जगाची सुरुवात इ.स.पू. 4004 ला नेऊन बसवली. त्या काळात ती विद्वत्ताच होती, कोणी हसलं नाही. पण आजचा यंग अर्थ प्रकार, म्हणजे पृथ्वी तरुण आणि नोहाच्या एका प्रलयात सगळे खडकांचे थर तयार झाले वगैरे, तो अमेरिकेत खरा फोफावला 1961 च्या व्हिटकॉम्ब आणि मॉरिसच्या पुस्तकानंतर. 1925 च्या अमेरिकेतल्या स्कोप्स खटल्यात (शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षकावर झालेला खटला) उत्क्रांतीच्या विरोधात उभा राहिलेला ब्रायन, त्यानेसुद्धा भर साक्षीत म्हटलं की सृष्टी घडवण्याचे ते सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं काही नाही! पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच पत्र काढून सांगितलं की मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला चर्चची मनाई नाही, 1996 ला पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती ही आता नुसती हायपोथिसिस राहिली नाही. बिग बँगच्या कल्पनेमागचा लमेत्र हा स्वतः फादर. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला. आता सांगा, डायनासोरशेजारी कोण राहतंय?

कोरी_पाटी:
काल लिहिणारा मीच, आणि एक शब्द मागे घेणार नाही. ताई, तुम्ही पोपच्या कागदावरचं सांगताय, मी लोकांच्या डोक्यातलं बोलतोय. गॅलप ही सर्वेक्षण कंपनी अमेरिकेत 1982 पासून विचारतेय, तेव्हा 44 टक्के म्हणाले की देवाने माणूस आहे तसाच गेल्या दहाएक हजार वर्षांत घडवला, 2024 ला 37 टक्के. चाळीसेक वर्षांत एवढीच हालचाल! केंटकीत 510 फूट लांबीचं नोहाचं जहाज बांधून ठेवलंय, आत पिंजऱ्यात डायनासोर. धर्माची इमेज कोण बनवतं, 1950 चं पत्र की ते जहाज? लमेत्रचं नाव इथे किती जणांनी आधी ऐकलं होतं, खरं सांगा.

तिरपी_रेघ:
गॅलपचा प्रश्न माणसाबद्दल आहे, पृथ्वीच्या वयाबद्दल नाही. आधी प्रश्न तरी वाचा.

कोरी_पाटी:
वा, म्हणजे पृथ्वी जुनी आणि माणूस तेवढा परवाचा, मग तर फारच सायंटिफिक झालं. घ्या, दुरुस्ती मान्य. पेढे वाटा.

दुपारची_झोप:
त्या जहाजाचा विषय निघालाच आहे तर माझी जुनी तक्रार ऐका, टीव्हीवर विज्ञान सांगणाऱ्या बिल नायने ते जहाज बांधणाऱ्या केन हॅमशी डिबेट करायलाच नको होती. फेब्रुवारी 2014 मध्ये डिबेट झाली आणि त्याच महिन्याच्या शेवटी हॅमने जाहीर केलं की जहाजासाठी पैशांची सोय झाली, वर डिबेटच्या प्रसिद्धीचा फायदा झाला हेही तोच म्हणाला. 2016 ला उघडलं. विज्ञानवाल्यांना वाटतं स्टेजवर मुद्दे मांडले की समोरचा हरतो, अरे समोरचा तिकीट विकायला आलाय! (आणि 2019 मध्ये याच जहाजवाल्यांनी जोरदार पावसाने रस्त्याचा उतार खचला म्हणून विमा कंपन्यांवर केस केली, मी आजही आठवलं की हसतो.)

बाकावरचा:
मी चर्चमध्येच वाढलो, कॅथलिक नाही, आमचं वेगळं होतं. तरुणांच्या शिबिरात एक भाऊ स्टेजवर आले, हातात बायबल, पहिलं पान दोन बोटांत धरून म्हणाले, "हे पान खोटं असेल तर शेवटचं पानही खोटं, मधलं निवडून खायला हा काय बुफे आहे काय?" सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. पुढे कॉलेजात जिऑलॉजी घेतली. फील्डवर सरांनी एका कड्यासमोर उभं केलं, खाली लाव्हाचा थर, त्यावर लाल भाजलेली माती, परत लाव्हा, परत माती. सर म्हणाले प्रत्येक लाल पट्टा म्हणजे तेवढा काळ तिथे लाव्हा थांबला होता, जमीन उघडी होती, माती तयार झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती भाजली. मला एका वर्षाच्या प्रलयात हे बसवताच येईना. भाऊंनी सांगितलं होतं पहिलं पान गेलं की सगळं गेलं, मी त्यांचं ऐकलं. मला कुठल्या नास्तिकाने बाहेर काढलेलं नाही, त्या भाऊंनी काढलं. तेव्हा परिणाम होतो का हा प्रश्नच मला विचारू नका.

वचन_जिवंत:
लोक हसतात म्हणून विश्वास बदलायचा का? थट्टा करणारे येतील हे पेत्राने आधीच लिहून ठेवलंय. तिरपी रेघताई, रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढा. एका माणसामुळे पाप आलं आणि पापामुळे मरण आलं. तुमच्या उत्क्रांतीत आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरतायत, एकमेकांना खातायत, मग मरण हे पापाचं फळ कसं? आणि नसेल तर ख्रिस्त वधस्तंभावर कशाला गेला? जगाला बरं दिसावं म्हणून तुम्ही पाया काढताय आणि वर म्हणता घर तेच आहे. सायन्स तर दर दहा वर्षांनी बदलतं.

कोरी_पाटी:
बघा ताई, हे मी नाही बोललो. तुमच्याच घरचे आहेत. आणि खरं सांगू, तुमच्यापेक्षा यांचं लॉजिक सरळ आहे.

तिरपी_रेघ:
पौल माणसाच्या मरणाबद्दल बोलतोय, ट्रायलोबाइटसारख्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्यांच्या नाही. तिथेच म्हटलंय की मरण "सर्व माणसांवर" आलं. आणि वचन_जिवंत, तुम्ही मला ख्रिश्चनच नाही असं आडून म्हणताय, ते सरळ म्हणा.

वचन_जिवंत:
ते ठरवणारा मी कोण, पण तुमची गाडी कुठे चाललीय हे दिसतंय.

एक_साधा_प्राणी:
भांडण नंतर करा, मला एकच सांगा. 1987 च्या फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धात नुसत्या डोळ्यांना सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा दिसला, 1987ए. अंतर साधारण 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षं. विश्व सहा हजारांचं असेल तर तो उजेड आला कसा?

वचन_जिवंत:
देवाने आदाम तान्हा नाही, प्रौढ घडवला. तसाच प्रकाशही वाटेतच घडवला.

एक_साधा_प्राणी:
म्हणजे तो तारा कधी फुटलाच नाही? आपल्याला फुटण्याआधीच्या ताऱ्याचे फोटो आहेत, प्रकाशाच्या काही तास आधी आलेले न्यूट्रिनो (तारा फुटताना सुटणारे सूक्ष्म कण) डिटेक्टरमध्ये सापडले, मग पसरत जाणारी कडी दिसली. हे सगळं न घडलेल्या घटनेचं शूटिंग? देव एवढी बनवाबनवी कशाला करेल?

वचन_जिवंत:
बनवाबनवी तुम्ही म्हणताय. प्रकाशाचा एका दिशेचा वेग कोणी मोजलाय का? येणारा प्रकाश क्षणात पोचतो असं धरलं तरी गणित बसतं, तुमचेच फिजिक्सवाले मान्य करतात.

एक_साधा_प्राणी:
गणित बसतं कारण ते फक्त लांबची घड्याळं कशी लावायची याचं गणित आहे. घड्याळ दुसऱ्या पद्धतीने लावलं म्हणून तारा तरुण होत नाही हो! कोट्यवधी वर्षं जळलेलं इंधन त्याच्या आत दिसतंय त्याचं काय?

दुपारची_झोप:
हे सगळं 1857 मध्ये होऊन गेलंय. गॉस नावाच्या निसर्ग अभ्यासकाने हेच मांडलं होतं, आदामाला बेंबी होती, झाडांना पहिल्या दिवसापासून वर्तुळं होती, जीवाश्मही तसेच. त्याला वाटलं दोन्ही बाजू खूश होतील, दोन्ही बाजूंनी झोडपला. त्याचा मित्र चार्ल्स किंग्जली, जो स्वतः धर्मगुरू, त्यानेच कळवलं की देवाने खडकांवर एवढं मोठं खोटं लिहून ठेवलं हे मी मानू शकत नाही.

वचन_जिवंत:
पुन्हा माणसांचे दाखले. मी देवाचं वचन देतोय, तुम्ही इंग्रज पाद्री देताय.

बाकावरचा:
धाग्याचा विषय काय होता कोणाला आठवतोय का?

तिरपी_रेघ:
मला आठवतोय. संत ऑगस्टिनने सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलंय की ख्रिश्चन माणूस शास्त्राचा आधार देऊन सूर्य, चंद्र, प्राणी यांबद्दल काहीतरी बरळतो तेव्हा बाहेरचे हसतात, आणि एका अडाण्याची फजिती झाली याचं दुःख नाही, दुःख याचं की बाहेरच्यांना वाटतं आपल्या पवित्र लेखकांचंही हेच मत होतं. चांद्रप्रवास तर सोडाच, दुर्बिणीच्याही बाराशे वर्षं आधी!

कोरी_पाटी:
म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच आजार ओळखला आणि अजून औषध घेतलेलं नाही. माझ्या बाजूने याहून चांगला साक्षीदार मी आणला नसता, थँक्यू.

तिरपी_रेघ:
औषध घेतलंय. 2005 च्या अमेरिकेतल्या डोव्हर खटल्यात इंटेलिजंट डिझाइनच्या (सजीव कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले हा दावा) विरोधात पहिला साक्षीदार बायोलॉजिस्ट केनेथ मिलर होता, कॅथलिक. माणसाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या जीनोम प्रोजेक्टचा प्रमुख कॉलिन्स इव्हँजेलिकल ख्रिश्चन. तुम्हाला ते दिसत नाहीत कारण त्यांच्याकडे 510 फुटी जहाज नाही.

कोरी_पाटी:
बरं बाई, मिलर आणि कॉलिन्सना माझ्या वाक्यातून वगळतो, "शिकलेल्या माणसाने सीरियसली का घ्यावं, अपवाद सोडून." पण एक विचारतो, तुमच्या चर्चमध्ये कोणी वचन_जिवंतसारखं बोललं तर तुम्ही तिथे उठून हे सांगता, की फक्त इथे आमच्यावर डाफरता?

तिरपी_रेघ:
सांगते. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका पालकाशी यावरून वाजलं, तेव्हापासून मला मुलांचा वर्ग देत नाहीत, सजावटीच्या कमिटीत टाकलंय.

कोरी_पाटी:
आणि म्हणे बदनामी आम्ही करतो.

वचन_जिवंत:
त्या पालकांचं अभिनंदन.

एक_साधा_प्राणी:
वचन_जिवंत, न्यूट्रिनोचं उत्तर राहिलंय.