अनुभव लिहा : कोर्लई, रेवदंडा आणि आजूबाजूचा मुलूख

अलिबागहून निघालेल्या बहुतेक गाड्या थेट जंजिऱ्याला जाऊन थांबतात. वाटेत कुंडलिकेच्या मुखाशी दोन पोर्तुगीज कोट समोरासमोर उभे आहेत, अलीकडे रेवदंडा आणि पलीकडे कोर्लई. तिथे उतरणारे थोडेच. उतरला असाल तर लिहा. इतिहास हवाच, पण गावात काय पाहिलंत, कुणाशी बोललात, काय खाल्लंत तेही येऊ द्या. ‘अप्रतिम निसर्ग’ म्हणून सुटका करून घेऊ नका!

*

कोर्लईचा किल्ला आम्ही दीपगृहाच्या बाजूने चढलो. तिथून पायऱ्या आहेत, फार दमछाक होत नाही. वर पोचल्यावर मात्र बघत राहावं असं काम आहे. समुद्रात शिरलेली डोंगराची चिंचोळी सोंड, डाव्या हाताला दर्या, उजव्या हाताला खाडी, आणि मधल्या अरुंद माथ्यावर अख्खा किल्ला. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडलेत, म्हणजे एक कप्पा शत्रूच्या हाती गेला तरी पुढचा लढवता यावा. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी हा निजामशाहीकडून घेतला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. छप्पर उडालेलं चर्च आणि महादेवाचं छोटं देऊळ, दोन्ही त्याच तटाच्या आत. आमच्या गटात कोणी कोणाला जिंकलं यावर वाद घालणारे दोघे होते, तेही तिथे गप्प बसून संत्री सोलत होते.

*

गड नंतर, आधी गाव. आम्ही वसईकडचे, घरात सामवेदी बोली बोलणारे, त्यामुळे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीबद्दल कुतूहल होतंच. माउंट कार्मेल चर्चजवळ दोन आज्या ओट्यावर बसून बोलत होत्या. कान देऊन ऐकलं तर शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची चाल आपली, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज निघून गेले, चारी बाजूंनी मराठी, तरीही हजारभर माणसांनी ही बोली अजून घरात जपली आहे. वस्ती आपल्या धर्मामुळे वेगळी राहिली आणि लग्नं बहुतेक आपसात होत आली, म्हणून ती टिकली असं अभ्यासक सांगतात. मी आजींना विचारलं, नातवंडं बोलतात का? त्या म्हणाल्या, “समजतं सगळं, पण उत्तर मराठीत देतात.” आमच्याकडे तरी वेगळं काय चाललंय! मग त्यांनी आमच्या बोलीतली चार वाक्यं माझ्याकडून म्हणून घेतली आणि मनसोक्त हसल्या. त्या दिवशी गडावर जायचं राहिलं. त्याचं काही वाटलं नाही.

*

मे महिन्यात भर दुपारी जाऊ नका, एवढंच सांगतो. वर सावली नाही, दगड तापलेला, गवत वाळलेलं. बायकोचं मत : दीपगृह गडापेक्षा बरं.

*

रेवदंड्याचा माणूस बोलतोय, तेव्हा थोडं तिखट लागेल. लोक आमच्याकडे येऊन विचारतात, “किल्ला कुठाय?” अहो, तुम्ही किल्ल्यातच उभे आहात! तटाला खिंडार पाडून डांबरी रस्ता आत आलाय. आमची घरं, नारळ-सुपारीच्या वाड्या, विहिरी सगळं कोटाच्या आत. सातखणी मनोऱ्याचे आता चारच खण उरलेत, तो बघा. रशियाचा व्यापारी निकितीन पंधराव्या शतकात शेजारच्या चौलला उतरला होता, त्याचं स्मारक शाळेच्या आवारात आहे, तेही बघा. तटावर चढून नावं मात्र कोरू नका.

आणि पलीकडे कोर्लईच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या जवळ्यावरून गाड्या घालू नका. तो कचरा नव्हे, कोणाच्या तरी पावसाळ्याची बेगमी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घर त्याच्यावर चालतं. बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टांगतात, त्याचे फोटो खुशाल काढा, पण आधी त्या बाईला विचारा. विचारलंत तर बहुतेक वेळा ती स्वतःच कुठून चांगला येईल ते दाखवते.

*

वरच्यांना शंभर टक्के अनुमोदन. मी सुकट तिथूनच घेतली, बाजारात मिळते तिच्याहून कोरडी आणि स्वच्छ. गाडीतल्या इतरांनी मुंबईपर्यंत काचा खाली ठेवल्या, ती गोष्ट वेगळी.

*

गाडी नसेल तरी अडत नाही. अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईवरूनच जाते. मुंबईकरांनी गेटवेहून मांडव्यापर्यंत लाँच घ्यावी, पावसाळा सोडून. थंडीत गेलात तर पोपटी चुकवू नका : वालाच्या शेंगा, अंडी, जमलं तर कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, पाण्याचा थेंब नाही. फक्त ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी पाला मिळत नाही.