तंबोऱ्याची जवारी, सूर्याचे स्वर आणि पीएचडी: विषय कोणता धरू?

मिरजेची_तार

नमस्कार. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं सत्र चालू आहे. घर मिरजेत, काका तंबोरे करतात. भोपळ्यांच्या राशीत आणि पॉलिशच्या वासातच मी वाढले. दिवाळीच्या सुट्टीत घरी एक प्रयोग केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही.

जोडाची तार काळी एकला लावली, म्हणजे साधारण 139 हर्ट्झ. ती बरोबर मध्यावर छेडली. तारेत मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही उठतात, ते स्वरांश. मध्यावर दुसऱ्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा असते, त्यामुळे 277 हर्ट्झचा स्वर उठायलाच नको. आधी घोडीवर बांबूची धारदार काडी ठेवून तार तिच्या कडेवर टेकवली. लॅपटॉपवर आलेख काढला, तर 277 जवळपास नाहीच. मग काडी काढली. काकांनी तार आणि घोडी यांच्यामधलं सूत सरकवत सरकवत जवारी लावली, म्हणजे तारेला तो गुंजणारा, भरलेला नाद आणला, कान तारेपाशी नेला आणि मान डोलावली. तीच तार, तीच जागा, पुन्हा छेडली. 277 ची रेष समोर उभी! वरचे स्वरांशही होते, आणि काहींचा जोर तर छेडल्यानंतर सावकाश वाढत जाणारा. नंतर कळलं, सी. व्ही. रामन यांनी 1921 सालीच हे लिहून ठेवलंय. तरी काकांच्या हातची जवारी आलेखात दिसली, तो आनंद काही वेगळाच.

तिथून वाचत सुटले. सूर्याची कंपनं, एआयने राग ओळखणं, आणि ऐकू येण्याची जनुकं माशांत शोधतात तेही. सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "चार डगरींवर हात ठेवून चालत नाही." अर्ज जूनच्या आत भरायचेत. यातलं खरोखर एकमेकांशी जोडलेलं काय, आणि मीच ओढूनताणून जोडलेलं काय?

सूर्यकंप

सूर्याचा भाग मी सांगतो, माझं आयुष्य त्यातच गेलंय.

तुझ्या तारेला दोन टोकं आहेत, खाली घोडी आणि वर मेरू, म्हणजे दांडीवरची पट्टी. सूर्याच्या आत कोंडलेल्या ध्वनिलहरींनाही टोकं असतात. वरचं टोक पृष्ठभागाजवळ, जिथे घनता एकदम उतरते आणि लहर परत फिरते. खालचं टोक मात्र प्रत्येक स्वराचं वेगळं. आत जावं तसं तापमान वाढतं, ध्वनीचा वेग वाढतो, लहर वाकत वाकत वर वळते. कोणी उथळातून फिरतं, कोणी गाभ्याजवळ जाऊन येतं. म्हणून हजारो स्वर मोजले की सूर्याचा आतला थर न् थर उलगडता येतो.

हे स्वर पाच मिनिटांच्या आसपासचे, म्हणजे 3 मिलिहर्ट्झ. सतरा सप्तकं वर चढवले तर 393 हर्ट्झच्या जवळ येतात, अगदी गळ्याच्या टप्प्यात. 1960 च्या सुमारास अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लेटन आणि सहकाऱ्यांना ते पहिल्यांदा दिसले.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. एकाच वेधशाळेतून बघितलं तर रोज सूर्य मावळतो आणि नोंद तुटते. त्या रोजच्या खंडामुळे खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 11.6 मायक्रोहर्ट्झवर खोट्या रेषा उगवतात. म्हणून 1995 पासून जगभर सहा ठिकाणांहून आळीपाळीने सूर्य पाहतात. त्यातलं एक उदयपूर. तुझी नोंद चार सेकंदांची असेल तर पाव हर्ट्झपेक्षा जवळचे दोन स्वर तुला वेगळे दिसणार नाहीत. गणित तेच आहे.

आणि याचं मोल? सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच सापडत होते. सूर्याचं प्रारूपच, म्हणजे त्याच्या आतल्या रचनेचं गणितच चुकलंय असा संशय तीसेक वर्षं होता. ध्वनीच्या मोजमापांनी प्रारूप बरोबर ठरवलं, आणि 2001-02 मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने दाखवलं की न्यूट्रिनोच वाटेत रूप बदलतात. कानावर भरवसा ठेवणाऱ्यांची ही जीत आहे, मला तरी तसंच वाटतं.

भूप_देशकार

राग ओळखणाऱ्या मॉडेलवर मी दोन वर्षं घालवली. भूप आणि देशकार, स्वर तेच पाच. फरक चलनात म्हणजे स्वर कसे फिरतात त्यात, वादी म्हणजे मुख्य स्वरात, कुठे थांबायचं त्यात. माझं मॉडेल फार छान ओळखत होतं. मग लक्षात आलं, देशकारची बहुतेक रेकॉर्डिंग्ज एकाच गायकाची होती. ते राग नाही, आवाज ओळखत होतं! गायकाप्रमाणे विभागणी करून पुन्हा शिकवलं आणि सगळा डोलारा खाली आला. मार्गदर्शकांना ते सांगायचा दिवस मला अजून आठवतो.

तुला एवढंच सांगेन, एआय हा विषय म्हणून धरू नकोस, जवारी धर. काकांना कानाने जे कळतं ते मोजायचंय, त्यासाठी मॉडेल लागेल तेव्हा वापर.

केशपेशी

ताई, माशांचं मी सांगते. आपल्या कानात ध्वनी पकडणाऱ्या केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. झेब्राफिश या छोट्या माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेखा असते, पाण्याची हालचाल जाणणारी, तिच्यात तशाच पेशी, आणि त्या मेल्या तरी दोन-तीन दिवसांत पुन्हा उगवतात. पिल्लू पारदर्शक, त्यामुळे जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी अर्धा तास खुर्चीवरून हलले नव्हते.

1990 च्या दशकात जर्मनीत ट्यूबिंगेनला असे काही मासे मिळाले जे सरळ पोहतच नव्हते, गोल गोल फिरत होते, कारण तोल आणि ऐकणं दोन्ही बिघडलेलं. त्यांना अंतराळयानांची नावं दिली, स्पुटनिक, मरिनर, स्कायलॅब. मरिनरचं जनुक निघालं मायोसिन 7ए, तेच जे माणसात बिघडलं की जन्मतः बहिरेपण येतं आणि पुढे दृष्टीही जाते.

पण फिजिक्समधून इथे यायचं तर जीवशास्त्र मुळापासून शिकावं लागेल. मी शिकले, चार वर्षं गेली.

मिरजेची_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. सूर्यकंप सर, नोंद चारच सेकंदांची होती, तुम्ही बरोबर ओळखलंत. रविवारी काकांकडे जाते आहे. या वेळी एक एक तार पूर्ण विरेपर्यंत नोंदवणार, सूत प्रत्येक वेळी थोडं थोडं सरकवून, आणि "लागली" असं काका म्हणतील ती जागा वेगळी लिहून ठेवणार. किती नोंदी घ्याव्यात म्हणजे पुरेल?

सूर्यकंप

सुताच्या प्रत्येक जागी वीस तरी घे. आणि काकांना आलेख दाखवू नकोस, आधी त्यांचा कान काय म्हणतो ते वहीत उतरव.